बोरसेचा रनर

"फुलारी, पॅड बांध," मिलिंद राजवाडे ड्रेसिंग रूमच्या दारातून म्हणाले.

मी टॉवेल गळ्यात टाकून बसलो होतो. मघाशीच एक्केचाळीसवर आउट होऊन आलो होतो, तेही असा फटका मारून, की शाळेतल्या पोराला त्याबद्दल मास्तरांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

"दादा, मी आउट झालोय," मी म्हणालो.

"म्हणून तर. बोरसेच्या पायात गोळा आलाय. रनर मागतोय."

"मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवा ना. पाच-सहा जण बसलेत."

राजवाडे आमचे कॅप्टन. चढ्या आवाजात बोलायची त्यांना सवयच नव्हती. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्याने तुझंच नाव घेतलंय. मीपण दोनदा विचारलं."

खोलीत सगळे एकदम आपापल्या बुटांच्या नाड्यांकडे बघायला लागले. कारण सगळ्यांना माहीत होतं. न्यूझीलंडच्या दौऱ्यासाठी भारताचा संघ दुसऱ्या दिवशी जाहीर होणार होता. मधल्या फळीत एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी दोन नावं चर्चेत होती. एक यशवंत बोरसे, जळगावचा. दुसरं नंदकिशोर फुलारी, सोलापूरचा, म्हणजे मी. निवड समितीचे दोघे जण सकाळपासून पॅव्हेलियनच्या सावलीत खुर्च्या टाकून बसले होते. पहिल्या डावात त्याच्या सत्तर, माझ्या बारा. दुसऱ्या डावात माझ्या एक्केचाळीस, आणि तो अजून एकाहत्तरवर खेळतोय. गणित काही फार अवघड नव्हतं.

आजच्या पोरांना रनर म्हणजे काय हे सांगावं लागतं, कारण आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून ती भानगड आता गेली. तेव्हा फलंदाज जायबंदी झाला की त्याच्या वतीने पळायला दुसरा खेळाडू यायचा, शक्यतो आधीच आउट झालेला. फटका मारायचा त्याने, पळायचं दुसऱ्याने. मात्र पळणारा धावचीत झाला तर आउट व्हायचा तो बिचारा फटका मारणारा. आणि आणखी एक मेख होती. फटका मारणाऱ्याने स्वतः क्रीज सोडायची नाही. सवयीने दोन पावलं पुढे गेला आणि कीपरने बेल्स उडवल्या, तर खेळ खलास. पळणारा पोचला असला तरी.

म्हणजे ज्याची सेंच्युरी झाली तर माझं नाव कटणार, त्याची सेंच्युरी पुरी करायला मी पळायचं. आणि चुकून माझा पाय घसरला तर उभ्या महाराष्ट्राने म्हणायचं, फुलारीने मुद्दाम केलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. मी पॅड बांधले. बक्कल दोनदा निसटलं.

मैदानात गेलो तेव्हा आम्हाला चव्वेचाळीस धावा हव्या होत्या आणि तीन विकेट शिल्लक होत्या. समोर बडोद्याचा संघ. बोरसे बॅटवर रेलून उभा होता. माझ्याकडे बघून हसला.

"आलास भो. मला वाटलं नाही म्हणशील."

"म्हणालो होतो. कुणी ऐकलं नाही."

"बरं झालं."

दुसऱ्या टोकाला इक्बाल तांबोळी होता, मिरजेचा. हाडाचा फास्ट बॉलर, बॅट त्याच्या हातात म्हणजे केवळ नाइलाज. तो धावत आला. "नंदूभाई, हाक कोण देणार? तुम्ही का बोरसेभाई?"

"मी," बोरसे म्हणाला.

"तो नाही, मी देणार," मी म्हणालो. "पळतोय मी. हाक माझी. इक्बाल, तू फक्त माझ्याकडे बघ. हा काय ओरडतो ते ऐकूच नकोस."

बोरसेने खांदे उडवले.

मी स्क्वेअर लेगला अंपायरच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बडोद्याचा कीपर मोहिते, घरचा मराठीच, आणि तोंडाचा महा फाटका. ग्लोव्ह्ज चोळत मला ऐकू जाईल इतपत म्हणाला, "काय फुलारी, लग्न त्याचं आणि घोड्यावर तू?"

मी पॅडचा पट्टा घट्ट केला.

"वरात नीट पोचव हो. वाटेत कुठे पाय मुरगळेल, सांगता येत नाही. न्यूझीलंडला थंडीही फार असते म्हणतात."

स्लिपमधले हसले. मी बूट घासत उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, त्याने जे बोलून दाखवलं ते माझ्या डोक्यात पॅड बांधतानाच येऊन गेलं होतं. बोरसे आउट व्हावा असं मला वाटत होतं. स्वच्छ क्लीन बोल्ड व्हावा, माझा कुठे संबंध न येता. प्रत्येक चेंडूला मी मनात म्हणत होतो, आता चुकेल, आता चुकेल. आणि त्याच वेळी तो बॅटला लावायचा आणि माझे पाय आपोआप सुटायचे, कारण आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं.

पहिली धाव काढली तेव्हा बॅट इतकी लांबून टेकवली, की तांबोळी हसला. मला हसू येत नव्हतं. एक धाव आरामात असली तरी मी जीव खाऊन पळायचो. दुसरी निघत असली तरी हात वर करून नको म्हणायचो. एकदा तर सरळ तीन होत्या तिथे दोनच काढल्या. प्रेक्षकांतून कुणीतरी बोंब मारली, "अरे पळ की, तुझ्या बापाचं काय जातंय." माझंच जात होतं, पण ते त्याला कोण सांगणार.

बोरसे मात्र सुंदर खेळत होता. एका पायावर वजन ठेवून, मनगटाने. चेंडू पॉइंटमधून असा काढायचा, जणू लोण्यातून सुरी फिरतेय. त्र्याऐंशीवर होता तेव्हा पाण्यासाठी खेळ थांबला.

तो मैदानातच पालथा पडला आणि म्हणाला, "नंदू, जरा मांडी दाब रे मागून. गोळा सुटत नाहीये."

मी गुडघ्यावर बसलो आणि मांडीच्या मागच्या बाजूला अंगठे लावले. गोळा आला की स्नायू दगडासारखा टणक होतो, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक असतं. इथे टणक काहीच नव्हतं. उलट मध्ये बोट आत जाईल असा खळगा लागला. आणि मी नुसतं टेकवलं तसा बोरसेने स्वतःच्या शर्टाची कॉलर दातांत धरली.

माझे हात तिथेच थांबले.

"येशा, हा गोळा नाही."

"गोळाच आहे."

"अरे स्नायू फाटलाय. आत खड्डा लागतोय. दोन महिने तरी उभा राहणार नाहीस."

"हळू बोल." त्याने मान वळवून पॅव्हेलियनकडे पाहिलं. "दौऱ्याला महिना आहे. बर्फ लावतो, पट्टी बांधतो, होईल काहीतरी. एकदा नाव लागू दे. पण आता डॉक्टर आला, हात लावला, तर संपलं. म्हणून म्हटलं, तुला बोलवा."

"मलाच का?"

"तू कुणाला सांगणार नाहीस म्हणून."

मला हसावं का त्याच्या थोबाडीत मारावी कळेना. "का नाही सांगणार? सांगितलं तर माझंच भलं आहे."

"म्हणूनच तर सांगणार नाहीस," बोरसे म्हणाला. कपाळावर घाम होता, पण आवाज शांत. "दुसऱ्या कुणाच्याही हाताला हे लागलं असतं तर तो धावत दादांकडे गेला असता, माझ्या काळजीपोटी. तू गेलास तर लोक म्हणतील, फुलारीने स्वतःसाठी चुगली केली. तुला ते सोसवायचं नाही. सहा वर्षं एका खोलीत राहतोय आपण. मी ओळखतो तुला."

खरं सांगतो, मला त्याचा इतका राग आला. गोड बोलून माणसाने गळ्यात दोर बांधावा आणि वर म्हणावं, तुला शोभतो. पण त्याचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं. मी राजवाड्यांसमोर उभा राहून 'दादा, याचा पाय गेलाय' म्हणतोय असं चित्र डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि तिथेच कानकोंडा झालो.

"फार हुशार आहेस बे तू," मी म्हणालो.

"हुशार नाही. घाबरलोय," तो म्हणाला. "उठव मला. आणि नंदू, उठवताना हसत उठव. ते बघतायत."

मी हसत उठवला.

त्यानंतरचा खेळ मला नीट आठवतच नाही, फक्त भीती आठवते. आधी मला एकच धास्ती होती, आपण धावचीत होऊ याची. आता दोन झाल्या. तो पुढे झुकला की माझं लक्ष चेंडूकडे नाही, त्याच्या मांडीकडे. तो उभा राहायचा मात्र असा ताठ, की काही झालंच नाही. तांबोळीने डोळे मिटून दोन चौके हाणले. धावा कमी होत गेल्या. बोरसे नव्वदच्या पुढे गेला. लोक उभे राहायला लागले. मोहितेसुद्धा गप्प झाला.

तो अठ्ठ्याण्णववर पोचला तेव्हा आम्हाला तीन धावा हव्या होत्या.

गोलंदाज ऑफ स्पिनर होता. चेंडू जरा आखूड पडला. बोरसेने मागे सरून तो पॉइंटच्या डावीकडे ढकलला आणि मी हाक दिली, "यस!" धाव सोपी होती. तांबोळी तिकडून सुटला, मी इकडून सुटलो. पहिली झाली की दुसरीही निघेल असं मला वाटलं, आणि खरंच सांगतो, त्या क्षणी मी न्यूझीलंड विसरून गेलो होतो. मला त्या दोन धावा हव्या होत्या.

निम्म्या वाटेवर मागून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, श्वास अडकल्यासारखं काहीतरी. मी मागे पाहिलं.

बोरसे क्रीजबाहेर पडला होता. सवयीने गेला होता गडी. अठ्ठ्याण्णववर असताना फटका मारला की फलंदाजाचे पाय जागेवर थांबतात होय? तीन पावलं पळाला असेल, आणि पाय खालून निघून गेला होता. तो कोपरावर पडून माझ्याकडे बघत होता. त्याला कळलंच नव्हतं आपण कुठे आहोत. पॉइंटच्या माणसाने चेंडू उचलला होता आणि मोहिते स्टंपकडे सरकत होता.

मी थांबलो. विचार करून थांबलो असं म्हणणार नाही. थांबलो आणि जीव तोडून ओरडलो, "येशा, क्रीज! बॅट टाक मागे!"

त्याने पडल्या पडल्या अंग वळवलं आणि हात लांब करून बॅट आत सारली. चेंडू मोहितेच्या हातात आला. त्याने खाली पाहिलं, बॅट रेषेच्या आत. मग त्याने वर पाहिलं. मी मधोमध उभा.

त्याने चेंडू सरळ दुसऱ्या टोकाला फेकला. मी पळालो, पण ते पळणं नुसतं दाखवायपुरतं. गोलंदाजाने बेल्स उडवल्या तेव्हा मी दोन हात लांब होतो. अंपायरने बोट वर केलं. धावचीत मी. आउट बोरसे, अठ्ठ्याण्णववर.

एका कोपऱ्यातून ओरडा सुरू झाला आणि वणव्यासारखा पसरला. "ए फुलारी, थांबलास कशाला रे?" "मुद्दाम थांबला, मी बघितलं." "जा आता न्यूझीलंडला." त्यांचं तरी काय चुकलं? ते चेंडूकडे बघत होते. त्यांनी शेवटी पाहिलं ते एवढंच, की रनर मध्ये उभा आहे आणि गडी आउट झाला. मोहिते बेल्स लावायला जाता जाता माझ्याजवळून गेला. माझ्याकडे न बघता पुटपुटला, "मी तर गंमत करत होतो रे." म्हणजे त्यालाही तेच वाटलं होतं, आणि तो तर बोरसेपासून दोन पावलांवर होता, माझी हाक त्याने ऐकली होती.

आता आयुष्यभर हेच, मला वाटलं. सोलापुरात घरी, गल्लीत, सासुरवाडीत. आणि मी कुणाला सांगणार? बोरसे पडला होता म्हणून थांबलो म्हटलं, तर पुढचा प्रश्न, का पडला? आणि तिथे माझं तोंड बांधलेलं.

बोरसे उठून बसला होता. तांबोळी त्याला हात द्यायला गेला, त्याने नको म्हटलं. बॅटचा आधार घेऊन तो स्वतः उभा राहिला, पॅड झटकले. गर्दी माझ्या नावाने ओरडत होती ते तो ऐकत होता. जरा वेळ त्याने पॅव्हेलियनकडे पाहिलं.

"नंदू, इकडे ये," तो म्हणाला. "खांदा दे."

मी जवळ गेलो. "चालता येत नाही का?"

"येतंय. दात-ओठ खाऊन तिथपर्यंत जाईन."

"मग जा ना तसाच. सगळे बघतायत येशा. ते दोघेही उठून उभे राहिलेत."

"दिसतंय मला. खांदा दे म्हटलं ना."

त्याने माझ्या मानेमागून हात टाकला आणि सगळं वजन माझ्यावर सोडलं. डावा पाय त्याने टेकवलाच नाही. आम्ही तसेच निघालो, लंगडत लंगडत, अख्ख्या मैदानाच्या देखत. मी हळूच म्हणत होतो, "पाय टेकव रे, निदान थोडा टेकव." तो ऐकत नव्हता. सीमारेषेजवळ येईपर्यंत ओरडा कमी झाला. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, याचा तर पाय गेलाय," आणि आवाज बंदच झाला.

पायऱ्यांपाशी निवड समितीतले एक जण पुढे आले. पांढरी टोपी, जुने कसोटीपटू. "बोरसे, क्रॅम्प आहे ना?"

"नाही सर, फाटलाय," बोरसे म्हणाला. "मघाशीच फाटला. मी लपवला. आता पळायला गेलो आणि क्रीजबाहेर पडलो. हा माझ्यासाठी थांबला, ओरडला, म्हणून मी बॅट आत टाकली. त्यात हा अडकला."

"येशा, गप बस," मी म्हणालो.

"तू गप बस."

ते गृहस्थ एक पायरी खाली उतरले. "तू काय बोलतोयस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय सर."

आत गेलो. मी त्याच्या पॅडचे पट्टे सोडत असताना बाहेर एकच जल्लोष झाला. तांबोळीने चौका मारला होता, आम्ही जिंकलो होतो. सगळे बाहेर धावले. आम्ही दोघेच उरलो.

"सांगायची काय गरज होती?" मी विचारलं. "गोळा म्हणाला असतास तरी चाललं असतं. मी काही बोललो नसतो."

"माहीतेय," तो म्हणाला. "लोक तुला शिव्या देत होते. ऐकवेना."

मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं, आणि त्यानंतर आजतागायत डोक्यातून गेलेलं नाही. मी थांबलो नसतो, सरळ पळत सुटलो असतो, तर मोहितेने त्याच्याच टोकाच्या बेल्स उडवल्या असत्या. बोरसे अठ्ठ्याण्णववरच आउट झाला असता, पण स्वतःच्या चुकीने. लोक हळहळले असते. गोळा आलाय असं सांगून त्याने बर्फ लावला असता आणि त्याचं नाव लागलं असतं. त्याला वाचवायला गेलो, आणि त्यामुळेच तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या खोलीत आम्ही रेडिओ लावून बसलो होतो. बोरसेचा पाय दोन उशांवर. संघ वाचून दाखवला. माझं नाव शेवटून दुसरं होतं.

मी रेडिओ बंद केला. "येशा..."

"आज काही बोलू नकोस," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आनंद झालाय तुला. तो बाहेर जाऊन कर."

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. आणि झाला होता आनंद, का नाही म्हणू? लहानपणापासून ज्याच्यासाठी जीव टाकला ते मिळालं होतं. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि रडलो. किती वेळ ते माहीत नाही.

मग आतून हाक आली.

"नंदू, पाणी दे रे जरा. मला उठता येत नाहीये."

मी डोळे पुसले आणि आत गेलो.